पाहुण्यांच्या बैलांची जप्ती

राजमतीला बघायला संकेश्वरचे पाहुणे आले, त्या दिवशी पद्मराज चौगुल्यांच्या गोठ्यात त्यांचे बैल नव्हते. घरातल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त कोर्टाला.

वाटणीचा निकाल लागून एक पावसाळा उलटला होता. उसाचं रान, विहिरीच्या पाण्याची पाळी, माडीवरची भांडी, कोर्टानं सांगितलं ते सगळं पद्मराजनं धाकट्या भावाला, कुंथुनाथला, मुकाट्यानं देऊन टाकलं होतं. अडलं ते पांढऱ्या खिलार जोडीवर. "अंगावरचं धोतर मागा, सोडून देतो. जोडी देणार न्हाय," असं त्यानं निपाणीच्या भर बाजारात सांगितलं. कुंथुनाथही त्याच आईच्या पोटचा. त्यानं चिकोडीच्या कोर्टातून जोडी ताब्यात घ्यायचं वॉरंट काढलं. त्याची कुणकुण लागताच पद्मराजनं बैल बोरगावला मेव्हण्याच्या गोठ्यात नेऊन बांधले आणि आपल्या जुन्या गड्याला, भरमूला, बजावलं, "बेलिफ आला तर तोंड उघडायचं न्हाय. आभाळ कोसळू दे, तू मुका."

भरमूची हयात त्या घरात गेली होती. सांगितलेलं काम तो सांगितलं तेवढंच करी, पण पुरतं करी.

चंदना या दोन भावांच्या मधली. चिकोडीला दिलेली. भाचीला, पद्मराजच्या राजमतीला, बघायला येणार म्हणून ती दोन दिवस आधीच माहेरी आली होती. वाटणी झाल्यापासून तिचं माहेर एका भिंतीनं दोन झालं होतं. थोरल्याकडे चहा घेतला की धाकटा फुगायचा आणि धाकट्याकडे भाकरी खाल्ली की थोरला. त्यामुळे ती एकाकडे पोटभर जेवून दुसऱ्याकडे उपाशी असल्याचं सोंग करायला शिकली होती.

दुपार कलायच्या सुमाराला नवऱ्या मुलाचे वडील, सातगोंडा पाटील, यांची छपराची दमणी दारात थांबली. दमणीत त्यांची म्हातारी आई, नागुबाई, लोडाला टेकून बसलेली, आणि हाकायला खुद्द पाटील. आपल्या पाखऱ्या-माणक्याच्या कासऱ्याला ते दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नसत. पांढरेशुभ्र, भाल्यासारख्या शिंगांचे ते बैल पद्मराजनं स्वतःच्या हातानं मागच्या गोठ्यात नेऊन बांधले. रिकामा गोठा भरल्यासारखा दिसू लागला, म्हणून तो मनातून खूषच झाला. पाहुण्यांपुढे गडी बोडका नको, म्हणून आपला जुना पांढरा जरीचा फेटा त्यानं भरमूच्या डोक्यावर चढवला आणि त्याला बैलांपाशी उभा केला.

स्वयंपाकघरात पद्मराजची बायको, ब्राह्मीवैनी, शिरा परतत होती आणि चंदना उप्पीटावर खोबरं पेरत होती, तेवढ्यात मागच्या दारावर कुणीतरी हळूच टकटक केली. चंदनानं दार उघडलं, तर समोर तिचे यजमान.

"अगंबाई! तुम्ही? उद्या येणार हुता न्हवं?"

आप्पाण्णा घामानं डबडबला होता. डोक्यावर काळी टोपी, काखेत कागदांची पिशवी. त्याच्या मागे दोन माणसं अवघडून उभी होती. "जावई म्हणून उद्या येईन," तो खालच्या आवाजात म्हणाला, "आज ड्युटीवर आहे."

चंदनानं दार अर्धं ओढून घेतलं. तिचा नवरा चिकोडी कोर्टात नाझरसाहेबांच्या हाताखाली बेलिफ होता खरा, पण हे वॉरंट त्याच्याच हातात येईल असं तिच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

"तुम्हांला दुसरं कोन भेटलं न्हाय व्हय?"

"मी नाझरसाहेबांना म्हटलं, साहेब, ती माझी सासुरवाडी आहे. ते म्हणाले, बरं झालं, वाट विचारावी लागणार नाही."

"आत पाव्हणं बसल्यात, राजमतीला बघायला."

"म्हणून तर मागनं आलो. आवाज करणार नाही. जोडी घेतो, ताबा देतो, पावती घेतो, निघतो."

चंदनानं क्षणभर विचार केला. जोडी बोरगावला. हे गोठ्यात जातील, आपल्या जोडीचा पत्ता नाही असं लिहून घेतील आणि जातील. अण्णाचीही अब्रू राहील, यांचीही नोकरी राहील. हे सगळं तिला इतकं सोपं वाटलं, की गोठ्यात आता दुसऱ्या कुणाची जोडी उभी आहे हे सांगायचं तिच्या ध्यानातच आलं नाही.

"जावा, बघा," ती म्हणाली. "आन् जाताना शिरा खाऊन जावा."

"ड्युटीवर शिरा चालत नाही," असं म्हणून आप्पाण्णा गोठ्याकडे वळला, आणि ती राजमतीचा पदर सारखा करायला आत गेली.

गोठ्यात काय घडलं ते नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं. आप्पाण्णाला जनावरांची लहानपणापासून भीती. बैल म्हणजे चार पाय आणि दोन शिंगं, यापलीकडे त्यानं कधी निरखून पाहिलं नव्हतं. वॉरंटावर 'पांढरी खिलार जोडी' असं लिहिलेलं होतं, आणि समोर पांढरी खिलार जोडी होती. तरी काम चोख व्हावं म्हणून त्यानं कुंथुनाथला हाक मारली. थोरल्याच्या अंगणात पाय ठेवणार नाही अशी शपथ घेतल्यामुळे कुंथुनाथ भिंतीपलीकडे आपल्या बाजूला उभा होता.

"हीच का जोडी?"

कुंथुनाथनं भिंतीवरून मान लांब केली. "पांढरी हाय न्हवं?"

"पांढरी आहे."

"मग तीच. अण्णाच्या गोठ्यात दुसऱ्या कुनाची असनार?"

सोबत आणलेले पंच तंबाखूच्या वखारीतले. त्यांना पान सुकलंय की ओलं हे वासावरून कळे, बैलांचं मात्र सगळं सारखंच. आप्पाण्णानं भरमूलाही विचारलं, "काय रे भरमू, हीच ना?" भरमूनं ओठ गच्च मिटले. पुन्हा विचारलं, तेव्हा त्यानं डोळेही मिटून घेतले.

"नकार देत नाही, म्हणजे कबूल आहे," असं ठरवून आप्पाण्णानं पंचांना दावी सोडायला सांगितली आणि स्वतः चार हात लांबून मागोमाग गेला. भिंतीपलीकडं कुंथुनाथनं हलगी आणि गुलाल आधीच मागवून ठेवला होता.

इकडे सोप्यात राजमती पाटावर बसली होती. नागुबाईनं तिला बोटं दाखवायला लावली, चालून दाखवायला लावलं, आणि आता ती पदार्थांवर आली होती.

"भाकरी थापता येती?"

"येती."

"मोडून का न मोडता?"

राजमती हसू दाबत म्हणाली, "पैली मोडती. ती भरमूकाका खातो."

म्हातारी गालात हसली. सातगोंडा पाटील मात्र जोतिबाच्या यात्रेतल्या बैलबाजाराविषयी बोलत होते, आणि पद्मराज मनापासून माना डोलावत होता. तेवढ्यात बाहेरून हलगी कडाडली.

"मिरवणूक कसली?" पाटलांनी विचारलं.

"असंल काय तरी," पद्मराज म्हणाला. पण त्याचा चेहरा उतरला. गल्लीत हलगी कशासाठी वाजू शकते हे त्याला लगेच कळलं. फक्त एक गोष्ट कळेना. बैल बोरगावला असताना कुंथ्या मिरवतोय काय?

पाटील शौकीन माणूस. ते उठून दाराशी गेले. त्यांच्यामागे पद्मराज, आणि सोप्याच्या खांबाआडून चंदना. गल्लीत गुलालाचा धुरळा उडाला होता. पुढं हलगीवाला, मागं शेजारची माणसं, आणि मधोमध दोन बैल. शिंगांना तुरे बांधलेले आणि अंग नखशिखांत गुलाबी.

पाटील कमरेवर हात ठेवून कौतुकानं पाहू लागले. "जोडी झकास हाय बगा, चौगुले. वशिंड बगा. आमच्या पाखऱ्याचं असंच हाय. असली चाल हजारात एखाद्याची."

हा आवाज हलगीच्या गोंगाटातूनही पाखऱ्याच्या कानावर गेला. त्यानं मान वळवली, कान टवकारले आणि तो सरळ पाटलांच्या दिशेनं निघाला. माणक्या त्याच्याबरोबर. कासरा धरलेले दोन्ही पंच फरफटत आले. हलगीवाला हलगी टाकून गटाराच्या पलीकडे गेला. पाखऱ्यानं पायरी चढून आपलं गुलाबी नाक पाटलांच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर घासलं.

पाटलांनी बैलाच्या गळ्याखालून हात फिरवला. मग आपल्या गुलाबी झालेल्या तळव्याकडे पाहिलं. मग बैलाच्या डोळ्यांत पाहिलं. त्यांचा आवाज एकदम कानडीत फुटला.

"नन्न एत्तु! हे माझं बैल हाईत!"

चंदनानं गल्लीच्या टोकापर्यंत नजर टाकली. गर्दीच्या शेवटी, काखेत कागद धरून, तिचा नवरा उभा होता, आणि त्याचा चेहरा बैलांच्या मूळ रंगाचा झाला होता.

पुढचा काही वेळ गल्लीतल्या कुणालाच कुणाचं ऐकू आलं नाही. सगळे अंगणात जमले. पाटलांनी बैल मधोमध धरून ठेवले आणि उलटतपासणी सुरू केली.

"बेलिफ कोन?"

"मी," आप्पाण्णा पुढं झाला.

"तू कोन, कुठला?"

"आप्पाण्णा मगदूम. म्हणजे... या घरचा जावई."

"म्हंजे जावयानं चोरली!"

"जोडी चोरली नाही. जप्त केली."

"वॉरंट कुनाच्या नावाचं?"

"पद्मराज चौगुले यांच्या."

"मी पद्मराज चौगुले हाय का?"

"नाही."

"माझं बैल पद्मराज चौगुले हाईत का?"

आप्पाण्णानं नाइलाजानं मान हलवली.

पाटलांनी आवाज उतरवला. तो उतरल्यावर जास्तच भीती वाटली. "बेलिफसाहेब, माझं निम्मं आयुष्य कोर्टात गेलंय, तवा मला शिकवू नगा. ज्याच्या नावाचं वॉरंट, त्याचाच माल. कागदावर शिक्का हाय म्हणून दुसऱ्याच्या मालाला हात लावता येत न्हाय. लावला, की त्या घडीला तुमी सरकारी मानूस ऱ्हात न्हाय. माझ्यासारखा एक साधा इसम बनता. आन् साध्या इसमावर मी उद्याच्या उद्या दावा लावतो. बैल नेल्याचा, गुलाल लावल्याचा, आन् माझ्या आईम्होरं इज्जत घालिवल्याचा."

"साहेब, डिक्री ज्याची त्यानं दाखवली ती जोडी मी घेतली," आप्पाण्णा कसाबसा बोलला.

"तुला डोळं न्हायीत?"

"मला बैल ओळखता येत नाहीत."

"ओळखतील कसं?" ब्राह्मीवैनी दारातून म्हणाली. ती पाहुण्यांसमोर सहसा बोलत नसे, पण शिरा करपायला आला होता आणि सोयरीकही. "सगळं कुंथुनाथभावजींनी केलंय! राजमतीचं जमू नये म्हनूनच. आपलं बैल ओळखू येत न्हायीत असा शेतकरी कधी बघितलाय का?"

"व्हय!" पाटलांनी तो मुद्दा उचलला. "शेतकऱ्याला आपलं बैल अंधारात बी कळत्यात. हे मुद्दाम केलंय. हे चुकीचं काम न्हाय, ही फसवनूक हाय. ह्याला हिंडलग्याचा जेल दाखवतो. बोलवा त्याला!"

चंदनाला आपल्या नवऱ्याची दया आली आणि दोन्ही भावांचा संताप. अण्णानं बैल लपवले, कुंथ्यानं भलतेच दाखवले, आणि मान अडकली कुणाची तर यांची. ती तरातरा भिंतीपाशी गेली. "कुंथ्या! हिकडं ये. शपथ गेली खड्ड्यात. दाजीची नोकरी जायाची येळ आलीया."

कुंथुनाथ आला. भिंतीवर हात ठेवून, चाचपडल्यासारखा, वळसा घालून तो अंगणात शिरला. वाटणीनंतर पहिल्यांदाच. गर्दी बाजूला झाली. त्यानं समोर पाहिलं, जरीच्या फेट्याकडे नजर लावली आणि थेट भरमूपुढं जाऊन हात जोडले.

"अण्णा, चुकलं माझं."

भरमू दगडासारखा उभा.

"मारायचं तर मार, पर पोरीचं लगीन मोडू देऊ नगंस. पाव्हण्यांना सांग, दाजींचा काय बी दोष न्हाय. मी दावलं म्हनून त्यांनी नेलं." कुंथुनाथ आणखी एक पाऊल पुढं सरकला. "अण्णा, शिव्या दे, पर बोल की."

भरमूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. ओठ मात्र त्यानं उघडले नाहीत. मालकानं मुका राहायला सांगितलं होतं, आणि बेलिफ अजून अंगणात उभा होता.

कुणीतरी मागं खुदकन हसलं. चंदनाला हसू आलं नाही. ती पुढं झाली आणि भावाचा दंड धरला.

"कुंथ्या, तुझ्याम्होरं कोन हाय?"

"अण्णा."

"अण्णा तुझ्या मागं उभा हाय, बाबा."

कुंथुनाथ वळला. भलत्याच बाजूला वळला. तेव्हा पद्मराज स्वतःच दोन पावलं पुढं येऊन त्याच्यासमोर उभा राहिला, अगदी नाकासमोर.

"कवापास्नं?" पद्मराजनं विचारलं.

"गेल्या दिवाळीच्या आधीपास्नं." कुंथुनाथनं मान खाली घातली. "आदी धुकं यायचं. आता पांढरं तेवढं कळतंय. मिरजंला दावून आलो. मोतीबिंदू हाय म्हनाले. पिकल्याबिगर काढत न्हायीत."

"तुझ्या बायकूला म्हाईत हाय?"

"न्हाय. ती बाळंतपनाला म्हायारी गेली तवा एवढं नव्हतं."

"आन् आमाला का न्हाय सांगितलंस?"

"कसं सांगू? दावा चालू हुता. वकील म्हनाला, प्रतिवादीशी काय बी बोलायचं न्हाय."

आपण प्रतिवादी आहोत हे पद्मराजला पहिल्यांदाच कळल्यासारखं वाटलं.

"मग जोडी कशाला मागितलीस, येड्या? दिसत न्हाय, हाकनार कसा?"

"हाकायचं कशाला?" कुंथुनाथ हलक्या आवाजात म्हणाला. "ती आपली आपन येत्यात. लहान हुती तवापास्नं त्याच रानात, त्याच वाटनं. गाडीत बसून कासरा सैल सोडला की रानातनं घरला आनून सोडत्यात. दुसरी जोडी घेतली तर मला वड्याच्या पाण्यात नेऊन घालंल. तू रान दिलंस, इहीर दिलीस. पर रानातनं परत कसं येऊ?"

ब्राह्मीवैनीनं पदर तोंडाला लावला.

"आन् हे बैल आपलं न्हवं, हे हात लावल्यावर तरी कळलं आसंल की?" चंदनानं विचारलं.

"कळलं. शिंगाला हात लावला आन् कळलं. पर तवर हलगी वाजायला लागली हुती." त्याचा आवाज आणखी बारीक झाला. "सगळी म्हनायला लागली, कुंथुनाथ जिंकला, कुंथुनाथ जिंकला. तितं कसं म्हनू, मला दिसत न्हाय?"

सातगोंडा पाटलांनी घसा साफ केला. ते कठोर होते, पण दगड नव्हते. तरी त्यांनी सदऱ्यावरचा गुलाल पाहिला आणि पुन्हा ताठ झाले. "हे झालं तुमचं घरातलं. मला वाईट वाटतंय. पर माझ्या बैलांचं काय? बेलिफ सुटला न्हाय. कायदा म्हंजे कायदा."

आता मात्र चंदना पाहुण्यांसमोर पदर सावरून उभी राहिली. बेलिफाच्या बायकोला कोर्टातलं सगळं जेवताना ऐकावं लागतं, आणि तिनं इतकी वर्षं फुकट ऐकलं नव्हतं.

"पाटील, दावा लावा," ती म्हणाली. "आमी अडवत न्हाय. ह्यांनी दुसऱ्याचा माल उचलला, ह्यांच्यावर लावा. कुंथ्यानं दावला, त्याच्यावर लावा. अण्णानं खरी जोडी लपिवली, त्याच्यावर बी लावा. समदं आमच्याच घरचं, एकाच टांग्यातनं कोर्टाला येऊ. पर दावा कशाचा? बैलांचा. मग बैल कोर्टाला दाखवायला लागनार. निकाल लागंपर्यंत ते ऱ्हाणार कुठं?"

पाटलांनी दोन्ही बैलांकडे पाहिलं.

"सांगा की हो," तिनं नवऱ्याला विचारलं.

"चिकोडीच्या कोंडवाड्यात," आप्पाण्णा प्रामाणिकपणे म्हणाला. "तिथला कडबा फारसा चांगला नसतो."

असं खरंच होतं का, की सासुरवाडीच्या अंगणात कायदा थोडा वाकला, ते कुणी तपासलं नाही. पाटलांनी पाखऱ्याच्या मानेवर हात ठेवला. कोंडवाड्याचं नाव ऐकताच त्यांनी कासरा आणखी जवळ ओढला.

इतका वेळ नागुबाई सोप्यात बसून शिऱ्याची वाटी संपवत होती. आता तिनं वाटी खाली ठेवली आणि राजमतीकडे वळली.

"पोरी, तू सांग. दावा लावू द्यावा का?"

"लावू द्या की," राजमती म्हणाली. "पर आमच्या घरच्या दाव्याला किती वरसं लागली ते म्हाईत हाय मला. तुमचा निकाल लागंस्तवर माझं लगीन ऱ्हानार. तवा नवरदेवाला दुसरीकडं बगायला सांगा."

म्हातारी एवढ्या मोठ्यानं हसली, की पाखऱ्यानंही मान वर केली. "सातगोंडा, सोयरीक कर हितं. ह्या घरात करमनूक कमी पडायची न्हाय."

"आई, आन् गुलाल?"

"गुलाल काय, धुतला की जातो."

पाटलांचा चेहरा हळूहळू खुलला आणि त्यांनी बोट रोखलं, आप्पाण्णाच्या छातीवर. "बरं. दावा न्हाय लावत. पर जबाबदारी बेलिफाची ती बेलिफाचीच. माझं बैल ह्यानं पांढरं नेलं, ह्यानं पांढरं करून द्यायचं. सोताच्या हातानं. आन् ते पांढरं झाल्याशिवाय आमी जेवनार न्हाय."

ब्राह्मीवैनीनं आभाळाकडे पाहिलं. दिवस कलला होता. जैनाच्या घरी सूर्य बुडाल्यावर ताट वाढता येत नाही, आणि पाहुण्यांना उपाशी झोपवलं तर सोयरीक राहिली बाजूला, तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

"वन्सं," ती चंदनाच्या कानात म्हणाली, "तुमच्या ह्यांना म्हनावं, घाई करा."

आप्पाण्णानं कोट काढला, टोपी काढली, कागदांची पिशवी भरमूच्या हातात दिली आणि विहिरीवर गेला. पाखऱ्यानं पहिल्यांदा शेपूट मारली ती त्याच्या तोंडावर. पुढचा पाय आपटला तेव्हा आप्पाण्णा सरळ हौदात जाऊन बसला. बघायला सगळी गल्ली होती. चंदनाला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिनं कासोटा घातला आणि घागर उचलली. मग पद्मराज उतरला. दावणीला हात घालत तो कुंथुनाथला म्हणाला, "ये, तुला दिसत नसलं तरी घासता येतंय." एका बाजूनं थोरला, दुसऱ्या बाजूनं धाकटा, पुढं दाजी, आणि मधे पाखऱ्या. गुलाबी पाणी पाटानं केळीकडं वाहत होतं.

"हितं ऱ्हायलंय," पद्मराज सांगायचा.

"कुठं?"

"वशिंडापाशी. आनखी डावीकडं. हां."

गेल्या कित्येक महिन्यांत हे दोघे एवढं बोलले नव्हते. पाटील काठावर बसून देखरेख करता करता शेवटी न राहवून पाण्यात उतरले, कारण आप्पाण्णा शिंगं भलत्याच पद्धतीनं घासत होता.

सूर्य तंबाखूच्या वखारींमागं टेकायच्या आत बैल जवळजवळ पांढरे झाले. माणक्याच्या कानामागं थोडी गुलाबी छटा राहिली. पाटलांनी ती पाहिली आणि सोडून दिली. ब्राह्मीवैनीनं धावतपळत पानं वाढली. पहिला घास घेताना पाटील आप्पाण्णाला शेजारी बसवून म्हणाले, "दाजी, पुन्यांदा जप्तीला जाताना बैलाला नाव इचारा."

आणि भरमू? पद्मराजनं त्याला बोलायची परवानगी दिली तेव्हा तो एवढंच म्हणाला, "मालक, मी सांगनार हुतो, पर तुमी सांगू नको म्हनला हुता."

आप्पाण्णानं मात्र एक गोष्ट कुणाचं न ऐकता केली. सगळे म्हणाले, झालं ते मिटलं, कागदावर काही लिहू नका. तो म्हणाला, "माझ्या हातून दुसऱ्याचा माल गेला. पाटलांनी माफ केलं, पण कोर्टाला मी खोटं सांगणार नाही." चिकोडीला जाऊन त्यानं नाझरसाहेबांपुढं सगळं जसंच्या तसं कबूल केलं. चंदना तेव्हा निपाणीतच होती. नोकरी गेली असं समजून तिनं मनातल्या मनात दोन म्हशी विकल्या, एक दुकान घातलं आणि नवऱ्याला त्याच्या गल्ल्यावर बसवलं. पण नाझरसाहेबांनी त्याला खच्चून शिव्या दिल्या आणि शिक्षा म्हणून हुकूम केला, की यापुढं आप्पाण्णा मगदूम यानं फक्त समन्स वाटायची. जनावरांची जप्ती त्याच्याकडं कधीही द्यायची नाही.

हा हुकूम सांगताना आप्पाण्णाचा चेहरा इतका उजळला होता, की चंदनानं त्याला साखर खायला दिली.

पद्मराज स्वतः बोरगावला गेला आणि जोडी घेऊन आला. कोर्टाचा दुसरा बेलिफ आला, पंच आले, आणि जोडी रीतसर कुंथुनाथच्या ताब्यात दिली गेली. या वेळी हलगी नव्हती. कुंथुनाथनं दोन्ही बैलांच्या शिंगांवरून बराच वेळ हात फिरवला आणि अंगठ्यानं पावती केली.

दुसऱ्या दिवशी तो रानात गेला. दिवस बुडायच्या आधी चंदना परड्यात भांडी घासत होती, तेव्हा तिला गाडीच्या चाकांचा आवाज आला. गाडी गल्लीत शिरली. कुंथुनाथ कासरा सैल सोडून निवांत बसला होता. भिंतीपाशी बैल त्याच्या नव्या दाराकडं वळले नाहीत. वळणार कसे? त्यांना एकच घर माहीत होतं. ते सरळ पद्मराजच्या अंगणात शिरले, गोठ्यापाशी गेले आणि थांबले.

कुंथुनाथला जागा ओळखायला वेळ लागला नाही. तो गाडीतून उतरला नाही.

ब्राह्मीवैनी दारात आली. वाटणी झाल्यापासून ती या दिराशी एक सरळ शब्द बोलली नव्हती.

"भावजी, जेवन वाढलंय," ती म्हणाली.

"मी आलो न्हाय, वैनी," कुंथुनाथ ताठपणे म्हणाला. "बैल आल्यात."

"व्हय, बैलच आल्यात. पर त्यांच्यासाठी भाकऱ्या केल्या न्हायीत. उतरा."

तो उतरला. उद्याही बैल इथंच येणार, हे त्या दोघांनाही ठाऊक होतं.